थंडीतले तट्टू आणि छोटी गाडी

नाशिकच्या थंडीविषयी नाशिककरांना वेगळे सांगायला नको. पहाटे गोदाकाठी गेलात तर पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. निफाडकडे तर कित्येक हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो आणि द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवून घड वाचवण्याची धडपड करतात. पण त्याच दिवशी दुपारी एक वाजता पाहा. ऊन चटके देत असते आणि तापमान २८ अंशांवर गेलेले असते. एका दिवसात वीस अंशांचा फरक! तुम्ही सकाळी स्वेटर घालता, दुपारी काढून ठेवता. ज्याला स्वेटर काढता-घालता येत नाही त्या जनावराने काय करावे? आणि ते जनावर अगदी लहान चणीचे असेल तर?

घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तेथील उंचवट्यापर्यंत मोजतात. मोजण्याचे एकक ‘हात’, म्हणजे चार इंच. साधारणपणे १४ हात २ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटरपेक्षा ठेंगण्या घोड्याला आपण तट्टू म्हणतो. त्याहूनही ठेंगणे असे बुटके घोडे परदेशात मुद्दाम पैदास करून तयार केले आहेत. अमेरिकेतील एका नोंदणी संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यांची उंची ३४ इंचांहून, म्हणजे ८६ सेंटिमीटरहून, अधिक असता कामा नये. तुमच्या वर्गातील बाकापेक्षा फार उंच नव्हे! वजन साधारण ८०-१०० किलोग्रॅम.

आपल्याकडे इतके बुटके घोडे क्वचितच दिसतात. तट्टू मात्र आपल्या ओळखीचे आहे. मराठ्यांच्या घोडदळाने ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती भीमथडीची तट्टे अशीच मध्यम चणीची, काटक आणि थोड्या दाणावैरणीवर भागवणारी होती. २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतातही त्यांचा उल्लेख आहे, आणि अलीकडे भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून सरकारी दफ्तरी नोंदली गेली आहे. घोडे पाहायचे असतील तर नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा घोडेबाजार आहे. ऐन थंडीत, दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा भरते, तेथे तर देशभरातून घोडे येतात.

आता थोडे गणित करू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ आणि पृष्ठफळ ६. बाजू दुप्पट केली की घनफळ ८ होते, पण पृष्ठफळ २४ च. म्हणजे वस्तू मोठी होते तसे तिच्या प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला कमी पृष्ठभाग येतो. शरीरात उष्णता निर्माण होते ती मांसपेशींत आणि पोटात, म्हणजे घनफळात. ती बाहेर निसटते कातडीवाटे, म्हणजे पृष्ठभागावरून. ४०० किलोग्रॅमच्या घोड्याशी ८० किलोग्रॅमच्या बुटक्या घोड्याची तुलना केली, तर दर किलोग्रॅममागे बुटक्याला सुमारे १.७ पट कातडी आहे. (५ चे घनमूळ काढून पाहा.) म्हणून त्याच थंडीत बुटका घोडा लवकर गारठायला हवा. जर्मन शास्त्रज्ञ बर्गमन याने १८४७ साली हेच तत्त्व मांडले: एकाच कुळातील प्राणी थंड प्रदेशात मोठ्या आकाराचे असतात.

पण थांबा. जगातील प्रसिद्ध तट्टू शेटलंड बेटांवरचे. ही बेटे स्कॉटलंडच्याही उत्तरेस, वाऱ्यापावसाने झोडपलेली. आणि हे तट्टू तर ४२ इंचांहून उंच नाही! मग बर्गमनचा नियम कुठे गेला? नियम खोटा नाही, तो एकटा नाही इतकेच. बेटावर चारा तुटपुंजा. मोठ्या घोड्याला रोज लागणारे खाद्य तेथे मिळणे कठीण. म्हणून लहान शरीर टिकले, आणि लहानपणाची उणीव इतर रचनेने भरून काढली. आखूड पाय, लहान कान, पिंपासारखे गोल धड आणि दाट केस. पृष्ठभाग वाचवण्याचे जितके मार्ग आहेत तितके त्या तट्टाने अवलंबले आहेत. इंग्लंडात १८४२ च्या कायद्याने लहान मुलांना आणि स्त्रियांना कोळशाच्या खाणीत उतरवणे बंद झाले, तेव्हा बुटक्या बोगद्यांतून गाड्या ओढण्यासाठी याच तट्टांना जुंपले गेले. मुलांची सुटका झाली, तट्टांच्या नशिबी अंधार आला.

घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात दाट केस येतात ते थंडी वाजते म्हणून, असे तुम्हाला वाटेल. मुख्य कारण वेगळेच आहे. दिवस लहान होऊ लागला की डोळ्यांवाटे ही खबर मेंदूतील एका इवल्या ग्रंथीपर्यंत पोहोचते. ही ग्रंथी काळोखात मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक स्रवते. रात्री लांबल्या की त्याचे प्रमाण अधिक काळ टिकते आणि केसांच्या मुळांना ‘आता वाढा’ असा हुकूम सुटतो. शेटलंडला सर्वांत लहान दिवस सहा तासांहूनही कमी आणि सर्वांत मोठा सुमारे १९ तासांचा. नाशिकला हा फरक जेमतेम ११ तास ते सव्वातेरा तास एवढाच. म्हणून आपल्याकडच्या घोड्याची हिवाळी लव थोडीच दाटते. परदेशी पुस्तकात ‘घोड्याला बर्फातही बाहेर ठेवावे’ असे वाचून येथे तसेच करणे बरे नव्हे, ते याचसाठी. उबदार हवेला सरावलेल्या घोड्याला तापमान साधारण ५ अंशांपर्यंत उतरले तरी विशेष त्रास होत नाही. कॅनडासारख्या ठिकाणी थंडीला पुरता सरावलेला घोडा उणे १५ अंशांपर्यंत निभावून नेतो. हे आकडे मोठ्या, धडधाकट आणि मुख्य म्हणजे कोरड्या घोड्याचे आहेत. शिंगरू, म्हातारे जनावर किंवा बुटके तट्टू असेल तर ती मर्यादा वरच असते.

कोरड्या असे म्हटले, त्यालाच सारे महत्त्व आहे. थंडी वाजली की घोड्याच्या अंगावरचे केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. हवा उष्णतेची मंद वाहक. पाणी तिच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते. केस भिजून चिकटले की घोड्याची रजई गेलीच.

आता गाडीकडे वळू. बुटक्या घोड्यावर बसू नये, त्याला गाडीला जुंपावे, असे जाणकार सांगतात. का? घोड्याने पाठीवर आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये असा ठोकताळा आहे. ८० किलोग्रॅमच्या घोड्याला तो हिशेब १६ किलोग्रॅम पडतो. पहिलीतले मूलसुद्धा त्यात बसायचे नाही! आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी पुऱ्या वाढीच्या तट्टाच्या पाठीवरचे ओझेही ७० किलोग्रॅमपर्यंतच ठेवले आहे. पण चाकाने चित्र पालटते. ओझ्याचा भार चाकांवर आणि चाकांवरून जमिनीवर जातो. घोड्याला फक्त चाके फिरताना होणारा विरोध जिंकायचा असतो. हवा भरलेल्या धावांची हलकी गाडी आणि तीत एक मूल मिळून १५० किलोग्रॅम धरा. चांगल्या डांबरी रस्त्यावर ती ओढायला सुमारे ३ किलोग्रॅम-भाराचा जोर पुरतो. घोडा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ८ किलोग्रॅम-भार जोर बराच वेळ लावू शकतो. अर्थात काम सोपे आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाने चालताना ही शक्ती होते सुमारे ६० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपला छोटा घोडा तिचा बारावा हिस्सा वापरतो आहे.

पण वाटेत चढ लागला, समजा वीस मीटरला एक मीटर, की आणखी साडेसात किलोग्रॅम-भार वाढतात. एकूण साडेदहा. येथे मुलाने खाली उतरून चालावे हे उत्तम. नदीच्या वाळूत तर सपाटीवरही जोर कित्येक पटींनी वाढतो.

नाशिकने याच हिशेबाचे दुसरे टोकही पाहिले आहे. १८८९ साली नाशिक शहर आणि नाशिक रोड स्थानक यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या मार्गावरील या ट्रामचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे गाजलेले. आठ-दहा किलोमीटरचे अंतर घोडे डबे ओढून नेत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना विरोध इतका थोडा, की त्या काळच्या खडीच्या रस्त्याच्या मानाने पाव जोरातही काम भागे. १९३० नंतर लवकरच ही ट्राम बंद पडली. टांगे मात्र पुढेही कित्येक वर्षे धावत राहिले.

टांग्यात बसल्यावर टांगेवाला ‘जरा पुढे सरका’ किंवा ‘मागे व्हा’ असे म्हणे. तो उगीच कटकट करीत नसे. दुचाकी गाडी म्हणजे तरफ. आस हा तिचा टेकू. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा तंग घोड्याला काचतो. पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड होऊन सारे वजन पाठीवर येते. घोडा गाडी ओढतो असे आपण म्हणतो, पण नीट पाहिलेत तर तो छातीने पट्टा ढकलत असतो. हा पट्टा वर सरकून गळ्यावर आला तर श्वासनलिका दाबली जाते. लहान घोड्याला मोठ्याचा साज आवळून बसवण्याचा प्रकार पुष्कळदा दिसतो, तो मला मुळीच पसंत नाही.

गाडी हाकायला हिवाळ्यासारखा ऋतू नाही. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी चौथा-पाचवा हिस्साच कामी येतो, बाकीची उष्णता होते. मे महिन्यात ती टाकायची कुठे हा प्रश्न असतो. १९६५ च्या नियमांत दुपारी बारा ते तीन ३७ अंशांवरच्या उन्हात जनावर जुंपण्यास मनाई आहे, ती यासाठीच. डिसेंबरात गार हवा ही उष्णता सहज उचलते. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन अंगावर आले की निघावे. पहिली दहा मिनिटे चालीने, मग दुडक्या चालीने, आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा चालीने. हा शेवटचा भाग घाईत गाळला जातो आणि तेथेच घात होतो.

त्याचे कारण पाहा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचे प्रथिन असते. ते साबणासारखे काम करते. त्याच्यामुळे घाम तेलकट केसांतून बाहेरपर्यंत पसरतो आणि लवकर वाळतो. पट्ट्याखाली दिसणारा पांढरा फेस तो हाच. पळताना ही सोय मोठी, पण दाट हिवाळी केस घामाने भिजवून घोडा संध्याकाळच्या वाऱ्यात उभा केला तर? एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतो. अर्धा लिटर घाम वाळला आणि त्यातली निम्मी उष्णता जरी शरीरातून गेली, तरी ८० किलोग्रॅमचे शरीर दोन अंशांहून अधिक थंड व्हायला ती पुरेशी आहे. शरीर नवी उष्णता निर्माण करीत राहते म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही, पण जनावर कुडकुडते. म्हणून परतल्यावर आधी चालवावे, कोरड्या गवताच्या चुंबळीने केसांच्या उलट दिशेने चोळावे, आणि पूर्ण वाळल्यावरच झूल घालावी. सकाळी ऊन चढले की झूल काढायला विसरू नये. नाशिकच्या दुपारी झुलीत घोडा घामाघूम होतो आणि तीच ओली झूल रात्री त्याच्या अंगावर राहते.

रात्रीची खरी शेगडी पोटात असते. घोड्याचे जठर लहान, पण पुढे अंधनाल आणि मोठे आतडे केवढे तरी मोठे. तेथे असंख्य सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून सतत ऊब मिळते. कडबा किंवा वाळले गवत हे या शेगडीचे सरपण. म्हणून थंडीच्या रात्री तोबऱ्यात हरभरा वाढवण्यापेक्षा वैरण वाढवणे अधिक उपयोगाचे. पाण्याकडेही लक्ष हवे. गारठलेले पाणी घोडा कमी पितो, कोरडा चारा आतड्यात साकळतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला वांती करता येत नाही, हे ध्यानात घ्या. ८० किलोग्रॅमच्या तट्टाला दिवसाकाठी चारेक लिटर पाणी लागते. सकाळी ते कोमट करून द्यावे.

हिवाळी केस आणखी एक फसवणूक करतात. त्यांच्याखाली घोडा गुबगुबीत दिसतो आणि आत हाडे लागलेली असतात. खरारा करताना बोटांनी बरगड्या चाचपाव्यात. तट्टे आणि बुटके घोडे यांच्यात आणखी एक धोका आहे: आजारपणामुळे खाणे एकाएकी तुटले, तर शरीरातील चरबी इतकी भराभर रक्तात उतरते की यकृत निकामी होऊन जनावर दगावू शकते. एखाद्या तट्टाने दिवसभर तोंड लावले नाही तर ‘उद्या पाहू’ म्हणून चालत नाही. पशुवैद्यांना त्याच दिवशी बोलवावे.

रात्री बांधावे कुठे? निरभ्र रात्री जमीन आणि जनावर दोन्ही आकाशाकडे उष्णता फेकत असतात. छप्पर ती अडवते. दाट झाडही बऱ्याच अंशी अडवते. थंड हवा जड असल्याने नदीकाठच्या खोलगट जागेत साचते. ठाण थोड्या उंचीवर, पाठीमागे वाऱ्याला आडोसा असलेले हवे.

हे सारे शाळेत पडताळून पाहता येईल. तीन सारख्या बाटल्या घ्या. एक उघडी ठेवा, दुसरीवर कोरडा लोकरी मोजा चढवा, तिसरीवर तसाच पण ओला करून पिळलेला. तिन्हींत ५० अंशांचे पाणी भरून वाऱ्यात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मांडा. मग निम्म्या आकाराच्या बाटल्या घेऊन तेच पुन्हा करा. ओल्या मोज्याची लहान बाटली आलेखात कुठे जाते ते पाहा. डिसेंबरच्या संध्याकाळी घामेजलेले तट्टू तेथेच उभे असते.