गिअरबॉक्स बदलताना मागचा डिफरन्शियल कोणता ठेवावा?

जुनी जीप जपणाऱ्या माणसाला एक दिवस वाटतंच, की तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवावा. हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या वाटांवर गाडी फिरवणाऱ्याला तर हमखास वाटतं, कारण तिला शेतातल्या पाणंदीतही चालायचं असतं आणि अकोला–हिंगोली–नांदेड महामार्गावरही. गिअरबॉक्स मिळतो, मेस्त्री मिळतो, क्लचचंही जमतं. मागच्या डिफरन्शियलचा विचार मात्र शेवटी होतो किंवा होतच नाही. खरं तर तो आधी व्हायला हवा.

रेशो म्हणजे काय

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो निघतो. 43 आणि 8 दातांचा रेशो 5.38, 39 आणि 8 चा 4.88, तर 47 आणि 11 चा 4.27. युद्धकाळातल्या विलीज जीपला 4.88 होता आणि नंतरच्या सीजे-3बीला 5.38. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान असेल तर उलट.

आधी आपल्या गाडीचा रेशो मोजा

जुन्या गाडीचे पार्ट किती वेळा बदलले गेलेत ते कागदावर कळत नाही, म्हणून स्वतः मोजावं. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्या. गिअर न्यूट्रल ठेवा. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टलाच धरतो, म्हणून तो सोडा. टायरवर खडूची एक खूण आणि शाफ्टवर एक खूण करा. दोघांनी दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरा फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त भरलं तर 5.38. पाचाला किंचित कमी पडलं तर 4.88. एकच चाक उचललं असेल, तर ते पूर्ण दोन फेरे फिरवावं लागतं.

दोन्ही आकडे एकत्र धरा

चाकापर्यंत पोहोचते ती गिअर आणि डिफरन्शियल यांच्या रेशोंच्या गुणाकाराची ओढ. उदाहरणाला नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.8 आणि पाचवा 0.8 धरू, टायरचा घेर 2.2 मीटर. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना टॉप गिअरमध्ये वेग असा येतो:

- जुना तीन गिअरचा बॉक्स, 5.38: ताशी सुमारे 74 किमी
- पाच गिअर, 5.38: ताशी 92 किमी
- पाच गिअर, 4.88: ताशी 101 किमी
- पाच गिअर, 4.27: ताशी 116 किमी

आता पहिल्या गिअरची ओढ बघा. जुन्या बॉक्सला पहिला गिअर साधारण 2.8 होता, म्हणजे 5.38 बरोबर एकूण 15 पट. नव्या बॉक्सला 5.38 बरोबर 20.4, 4.88 बरोबर 18.5 आणि 4.27 बरोबर 16.2 पट. गाडी उठेल ती तिन्हींत. अडचण पाचव्या गिअरमध्ये आहे. 4.27 लावून ताशी 60 ने निघालात, तर इंजिन जेमतेम 1550 फेऱ्यांवर येतं. जीपचं चौकोनी अंग वाऱ्याला आडवं असतं, त्यात थोडा चढ आला की चौथा टाकावाच लागतो. मग पाचवा गिअर नावालाच उरतो.

ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करताना

इथे गणित वेगळं होतं. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला इंजिनाची ओढ जवळजवळ दुप्पट करतो. त्या भरवशावर कंपनी अनेकदा लहान आकड्याचा डिफरन्शियल देते. कन्व्हर्टर काढून क्लच बसवला की ती मदत जाते. प्रत्येक वेळी अर्धा क्लच धरून गाडी उठवावी लागली, तर प्लेट लवकर जळते. अशा गाडीला बहुधा मोठ्या आकड्याचा क्राऊन-पिनियन लागतो. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीला कंपनीने जो दिला असेल, तोच पहिला पर्याय.

आपल्या रस्त्यांना काय मानवतं

हळदीची पोती भरून वसमतच्या बाजारात जायचं असेल किंवा पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून निघायचं असेल, तर 5.38 हलवू नका. पाच गिअरनेच महामार्गावरचा त्रास कमी होतो आणि क्राऊन-पिनियनचा खर्च वाचतो. गाडी बहुतेक रिकामी आणि डांबरी रस्त्यावर चालत असेल, तर 4.88 चांगला. 4.27 चा विचार खाली ओढ देणारं दमदार डिझेल इंजिन असेल तरच करावा.

चिखलात एकच चाक गरगर फिरत असेल, तर तो दोष रेशोचा नाही. साध्या डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. त्यावर उपाय लॉकचा, म्हणजे ट्रॅक्टर रुतल्यावर आपण पायाने दाबतो तसल्या लॉकचा.

बसवण्याआधी आणि नंतर

गाडी फोर-व्हील असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. फरक राहिला तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच शाफ्ट आणि ट्रान्सफर केस पिळले जातात. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्या. अ‍ॅक्सलच्या स्प्लाईनचे दात मोजून बघा. शिम लावून दातांमधली फट बसवावी आणि दातांना रंग लावून ते कुठे टेकतात ते बघावं. हे काम घाईत झालं की डिफरन्शियल रडतो. गिअरबॉक्सची लांबी बदलली असेल तर प्रोपेलर शाफ्टही त्या मापाने करून बॅलन्स करून घ्या. 5.38 च्या जागी 4.88 लावला, तर मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 66 ने पळत असेल.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच बजावलं आहे. म्हणून एमएच-38 ची गाडी असेल तर आधी हिंगोलीच्या आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

हे सगळं गिअरबॉक्सचे पैसे देण्याआधी करा. खडूच्या दोन खुणा आणि कागदावरचे चार गुणाकार, यात एक सकाळ जाते. मोजल्यावर पुष्कळदा असंच निघतं, की योग्य डिफरन्शियल आधीपासूनच गाडीखाली आहे.