सेव्हिलमध्ये दुपारचे बारा अडीचला वाजतात!

रात्री मेस बंद व्हायच्या वेळेला जेवायला गेलं तर काय मिळतं, हे तुम्हाला सांगायला नको. पातेल्याच्या तळाची डाळ आणि काकांचा चेहरा! स्पेनमधल्या सेव्हिल शहरात (तिथले लोक 'सेविया' म्हणतात) सगळं उलटं आहे. तिथे संध्याकाळी सात वाजता जेवायला गेलात तर बहुतेक ठिकाणी किचन उघडलेलंच नसतं. दहाला जा, बसायला जागा नाही. वर दुपारी दुकानं बंद! त्यामुळे 'स्पॅनिश लोक म्हणजे आळशी' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. पण जरा गणित करून बघा.

सेव्हिल ग्रीनिचच्या पश्चिमेला साधारण ६ अंशांवर आहे. म्हणजे त्यांचं घड्याळ खरं तर लंडनच्याही मागे हवं. पण १९४० मध्ये जनरल फ्रँकोच्या सरकारने ते एक तास पुढे सरकवून मध्य युरोपची वेळ घेतली आणि ती आजतागायत तशीच आहे. उन्हाळ्यात युरोपभर आणखी एक तास पुढे. आता घड्याळ ३० अंश पूर्वेचं आणि शहर ६ अंश पश्चिमेला. फरक ३६ अंश, अंशाला ४ मिनिटं, झाली १४४ मिनिटं! सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी अडीचच्या सुमाराला. (मुंबईत हा फरक जेमतेम ३८ मिनिटांचा आहे.) म्हणजे अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशोबाने बाराला जेवतोय आणि रात्री दहाचं जेवण साडेसातचं आहे. सगळं खापर घड्याळावर फोडता येणार नाही, सवयीही असतातच. २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान राहॉय यांनी घड्याळ मागे घ्यायची कल्पना मांडली होती, पण ते काही झालं नाही.

तर सेव्हिलमध्ये एक दिवस मिळाला तर तो सूर्याच्या वेळेने घालवावा. सकाळी भाजलेल्या पावावर ऑलिव्ह तेल आणि किसलेला टोमॅटो, सोबत कॉफी. मग ऊन चढायच्या आत कॅथेड्रल. ही जागा मूळ मशिदीची. तिचा मिनार आज 'हिराल्दा' नावाचा घंटाघर-मनोरा आहे, उंची सुमारे १०४ मीटर. आत जिने नाहीत, ३५ उतरंडी आहेत! बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तशा केल्या, असं सांगतात. कॅथेड्रलमध्ये कोलंबसची कबरही आहे, चार राज्यांचं प्रतीक असलेल्या चार पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली. समोरच अल्काझार राजवाडा. रस्त्यावरच्या झाडांची संत्री मात्र तोडून खाऊ नका, महाकडू असतात. त्यांचा मार्मलेड करतात.

अडीचला जेवण. शाकाहारी मंडळींनी पालक-छोले मागवावेत. त्यात चक्क जिरं असतं! साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार, दाट सूप घेताना 'वर हॅम नको' हे आधी सांगा. मग सिएस्टा. (याला मराठीत वामकुक्षी म्हणतात हे मला हल्लीच कळलं. कॉन्व्हेंटचा परिणाम!) जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो, तेव्हा बाहेर पडणं हाच वेडेपणा. जुन्या गल्ल्या मुद्दामच अरुंद आहेत आणि बाजारपेठेत तर रस्त्यावर आडवी कापडं ताणून सावली करतात.

संध्याकाळी १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या. सिव्हिलवाल्यांनी मात्र बस पकडून आलामियो पूल गाठावा. कालात्रावाने १९९२ च्या एक्स्पोसाठी केलेला. २०० मीटरचा गाळा, एकच तिरका खांब, १३ केबल-जोड्या, आणि मागून ताण द्यायला एकही केबल नाही! खांबाचं स्वतःचं वजनच पुलाला तोलून धरतं.

जूनअखेर सूर्य मावळतो पावणेदहाला. त्यानंतर एल रिंकोन्सियोला जावं. १६७० पासून चालू आहे. काउंटरला टेकून उभ्याउभ्याच खायचं. बिल समोरच्या लाकडावर खडूने लिहितात, पैसे दिले की फडक्याने पुसून टाकतात.