एक हजार नऊ, आणि एकतीस

अंतिम सामना पाहायला सगळेच जातात. तिथे मांडव असतो, खुर्च्या असतात, बक्षीस द्यायला पाहुणे असतात, आणि पाहुण्यांचे भाषण लांबले म्हणजे बिचारे खेळाडू या पायावरून त्या पायावर होत उभे असतात. मला स्वतःला आवडतात त्या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर किंवा कल्याणच्या सुभाष मैदानावर सकाळी नऊच्या सुमारास सहज डोकावून पाहा. एका कडेला दप्तरांचा ढीग, दुसऱ्या कडेला आपल्या मापापेक्षा मोठे पॅड बांधण्यात गुंतलेला सलामीचा फलंदाज, आणि प्रेक्षक म्हणाल तर रात्रपाळी करून घरी निघालेला एखादा गृहस्थ. कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नसते, कारण कोण खेळणार आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

पुन्हा जोड्या पडतात त्या चिठ्ठ्यांनी, आणि चिठ्ठीला दयामाया नसते. जिथे प्रशिक्षक आहे, सरावाची जाळी आहे, सकाळ-संध्याकाळ घाम गाळणारी मुले आहेत, अशा शाळेची गाठ कधीकधी अशा शाळेशी पडते, की जिचे अकरा गडी आदल्या दिवशी वर्गावर्गांतून हाका मारून जमवलेले असतात. अंतिम फेरीला येईपर्यंत गाळून-पाखडून सारखेच दाणे उरतात. सुरुवातीला मात्र सुपात सगळेच असते, म्हणून निकालही कधी अचंब्याचे लागतात.

असाच एक सामना सोमवारी, ४ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या वायलेनगरमधल्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर सुरू झाला. सोळा वर्षांखालील मुलांची आंतरशालेय स्पर्धा, एच. टी. भंडारी चषक. एका बाजूला के. सी. गांधी शाळा, दुसऱ्या बाजूला आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुलचा डाव ३१ धावांत आटोपला. मग गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा यष्टिरक्षक प्रणव धनावडे खेळायला आला, आणि त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा त्याच्या नावावर ६५२ धावा होत्या. नाबाद!

मी तो सामना पाहिला नाही, ही कबुली आधीच देऊन टाकतो. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये एक ठाकुर्ली तेवढी आहे. पण कॉलेजच्या वेळापत्रकात विश्वविक्रमासाठी तास राखून ठेवलेला नसतो. मंगळवारी मी समास शिकवीत होतो आणि शेवटच्या बाकावरची मुले मांडीवर फोन ठेवून धावा मोजीत होती. एरवी मी असल्या गोष्टी खपवून घेत नाही. त्या दिवशी मात्र ‘बहुव्रीही’वरून ‘द्वंद्वा’कडे वळताना मीच विचारले, “किती झाल्या?” वर्ग हसला, आणि आकडा सांगितला. स्टाफरूममध्ये तर गणिताचे प्राध्यापक कागद घेऊनच बसले होते. ज्यांना पायचीत आणि त्रिफळा यांतला फरक सांगता आला नसता, असे सहकारीदेखील दर अर्ध्या तासाने दारातून डोकावत. आपल्या गावाजवळ काहीतरी घडते आहे, आणि मुंबईकर पत्रकारांना त्यासाठी कल्याणची गाडी पकडावी लागते आहे, यातच आम्हा पलीकडच्या मंडळींना निम्मे समाधान होते.

दुपारी हजार पूर्ण झाल्या. शेवटी गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. १९२६ साली ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या संघाने केलेल्या ११०७ धावांची मातब्बरी तोवर जग सांगत आले होते; ती कल्याणात मागे पडली. प्रणव १००९ वर नाबाद राहिला. चेंडू ३२७, चौकार १२९, षट्कार ५९. आमच्या गणितवाल्यांनी लगेच मांडून दाखवले, की यातल्या ८७० धावा नुसत्या सीमेपारच्या आहेत. पोराला पळून काढाव्या लागल्या त्या अवघ्या १३९.

ज्याचा विक्रम मोडला त्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण तोही असाच न पाहिलेला सामना होता. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात १८९९ च्या जूनमध्ये दोन वसतिगृहांच्या संघांत सामना झाला. ए. ई. जे. कॉलिन्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा दिवसामागून दिवस खेळत राहिला आणि ६२८ वर नाबाद राहिला. पहिल्या दिवशी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नसेल. बातमी फुटल्यावर मात्र बघ्यांची गर्दी लोटली. तिथेही एका बाजूची सीमा फार जवळ होती, आणि धावा मोजणाऱ्यालाच म्हणे आकड्यात वीसेक इकडेतिकडे असतील अशी शंका होती. कॉलिन्स पुढे सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, ईप्रच्या लढाईत मारला गेला. त्याचा आकडा तेवढा एकशे सोळा वर्षे शाबूत राहिला.

आता घरची गोष्ट. मंगळवारी सकाळी आमच्या चिरंजीवांनी वर्तमानपत्र आधी पळवले. वय वर्षे बारा. शाळेच्या संघात बारावा गडी, म्हणजे पाणी नेणारा. त्याने ६५२ चा आकडा वाचला, चौकार वाचले, षट्कार वाचले. मग चहाच्या कपाशी घुटमळत म्हणाला, “बाबा, ती दुसरी मुलं आज येतील का?”

“कोणती दुसरी?”

“ज्यांनी एकतीस केल्या ती. आज परत त्यालाच बॉलिंग टाकायची ना?”

खरे सांगतो, सोमवारी रात्री शेजारपाजारी एवढी चर्चा झाली, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. नंतर छापून आले, की आर्य गुरुकुलची नेहमीची मोठी मुले परीक्षेमुळे आली नव्हती. मैदानात उतरली होती ती बरीचशी लहान, बारा वर्षांच्या आगेमागे असलेली. एका बाजूची सीमा अगदी जवळ होती. झेल सुटत होते. यावरून पुढे पुष्कळ वाद झाले. काही जाणत्यांनी नाके मुरडली, की असल्या गोलंदाजीवर हजार केल्या तर त्यात काय मोठे! मला तो सूर पटला नाही. समोर कोणीही असो, ३२७ चेंडू एकाग्र राहून खेळणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तीच भूक ठेवणे, हे पंधराव्या वर्षी पोरखेळ नव्हे. पण नाके मुरडणाऱ्यांनीही विचार केला तो फलंदाजाचाच. चेंडू टाकणाऱ्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

चिरंजीवांना मी भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९४८, पुणे; महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, रणजी करंडक. कोल्हापूरचे निंबाळकर ४४३ वर नाबाद होते आणि ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक हाकेच्या अंतरावर होता. दहा धावा हव्या होत्या, फक्त दहा! मध्यंतरात काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितले, की डाव सोडा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राने डाव सोडला नाही. पाहुणे खरोखरच सामान बांधून चालते झाले. निंबाळकर ४४३ वरच राहिले, आणि भारताकडून एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. ते मोठे, मिशीवाले लोक होते. संस्थानचे अधिपती कप्तान होते. तरी चार बाद ८२६ धावा त्यांना सोसवल्या नाहीत.

“म्हणजे निघून जाता येतं?” चिरंजीवांनी विचारले.

“येतं.”

तो काही बोलला नाही. दप्तर उचलून गेला.

तर ती मुले त्या दिवशी आली. हे मला दुपारी, वर्गातल्या त्या फोनवरून कळले: धावा वाढताहेत त्याअर्थी कुणीतरी चेंडू टाकतो आहे. ९४ षटके टाकली त्यांनी, आणि चौदाशे पासष्ट धावांचे चेंडू सीमेपलीकडून, गटारातून, कुठून कुठून शोधून आणले असतील. त्यांनी तिसऱ्या तासाला ‘पोटात दुखतंय’ म्हटले असते, तर प्रणवचे हजारही झाले नसते. जगातल्या वर्तमानपत्रांतून दुसऱ्या दिवशी जी बातमी आली तिचा दुसरा हात त्यांचा होता.

पुढचे तुम्हांला ठाऊक असेल. प्रणवचे वडील कल्याणात रिक्षा चालवीत. त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. सचिन तेंडुलकरने सहीची बॅट भेट दिली. स्वतः सचिनने आणि विनोद कांबळीने १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात ६६४ धावांची अभंग भागी केली होती, तेव्हा शालेय क्रिकेटमधल्या आकड्यांचे वजन त्याला कोणी सांगायला नको. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. मग ते ओझेच झाले. मैदानात उतरले, की लोक हजाराच्या खाली बोलायला तयार नाहीत! २०१७ साली मुलाचा खेळ म्हणावा तसा होत नाही असे दिसताच वडिलांनी आपणहून पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितले. या सबंध हकीकतीतली ही गोष्ट मला हजार धावांच्या तोडीची वाटते. पण तिला पहिल्या पानावर आठ रकाने कुणी दिले नाहीत.

बुधवारी सकाळी वर्तमानपत्र पुन्हा चिरंजीवांच्या हाती आधी गेले. पहिल्या पानावर प्रणवचे चित्र होते, खांद्यावर उचललेला. मी चित्र पाहत होतो. चिरंजीव खाली, धावफलकाच्या बारीक अक्षरांत बोट फिरवीत होते. आर्य गुरुकुल एक डाव आणि १३८२ धावांनी हरले होते.

“बाबा,” तो म्हणाला, “दुसऱ्या डावात बावन्न केल्या त्यांनी.”

“बरं मग?”

“म्हणजे एकवीस जास्त.”