परमुलखात आपला फोन कोणाच्या दारी उतरतो?

कोल्हापूरहून निपाणीकडे निघाले की कागल मागे पडते आणि थोड्याच वेळात दूधगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की कर्नाटक. २००४ सालापर्यंत आमच्या अण्णांचा एक नेम होता. पुलाच्या अलीकडे ते मोबाईल बंद करून सदऱ्याच्या खिशात ठेवत, निपाणीच्या पेठेतली वसुली आणि भेटीगाठी उरकून परत येत आणि कागलात शिरल्यावर तो पुन्हा सुरू करीत. पुलापलीकडे फोन 'रोमिंग'वर जाई आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. ज्या माणसाने आयुष्यभर गुळाच्या अडतीत पैशापैशाचा हिशेब राखला, त्याला हा खर्च रुचणे शक्य नव्हते.

त्या वर्षीच्या भाद्रपदात एके दुपारी आक्का, म्हणजे आमची आजी, अत्यवस्थ झाली. घरातून अण्णांना कितीदा फोन लावला ते आता आठवत नाही. दर वेळी तोच यांत्रिक आवाज. संध्याकाळी साडेसहाला कागलमध्ये अण्णांनी फोन सुरू केला तेव्हा त्यांना निरोप मिळाला. ते घरी पोचले तेव्हा उशीर झाला होता. या गोष्टीवर ते पुढे कधी बोलले नाहीत. मात्र त्यानंतर त्यांनी फोन कधीही बंद केला नाही, पूल असो वा नसो.

आलेल्या फोनचे पैसे घेणाऱ्याने का द्यावेत, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत होता. त्याचे उत्तर शोधताना असे ध्यानात आले की, ही सारी व्यवस्था आपल्या व्यापारी घरांना परकी नाही. आपल्या पणजोबांनी ती हुंडीच्या रूपाने नित्य वापरलेली आहे.

सर्वसाधारण समज असा की फोन जिथे सर्वांत जोरदार मनोरा असेल तिथे जाऊन चिकटतो. हा समज चुकीचा आहे. अनोळखी गावी उतरलेला शहाणा व्यापारी सर्वांत मोठी पेढी पाहून आत शिरत नाही. आपल्या पेढीचा जिच्याशी व्यवहार आहे ती कोणती, हे तो आधी पाहतो. फोनही तसेच करतो. त्याच्या पोटातल्या सिमकार्डावर पंधरा आकड्यांचा एक क्रमांक कोरलेला असतो. आपण लोकांना देतो त्या दहा आकडी नंबरहून तो निराळा. त्यातले पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनी सांगतात, आणि आपल्या देशात त्या कंपनीचे मंडळही. प्रत्येक मनोराही आपला देश आणि आपली कंपनी यांचे आकडे अखंड पुकारीत असतो. फोन सुरू झाला की तो हा पुकारा ऐकतो आणि आपल्याजवळच्या आकड्यांशी ताडून पाहतो.

निवडीचा क्रम ठरलेला आहे. बंद होण्यापूर्वी ज्या जाळ्यावर तो होता, ते आधी. ते नसेल तर आपले घरचे जाळे. तेही नसेल तर सिमवर लिहिलेली पसंतीची यादी. एक यादी ग्राहकाची आणि एक कंपनीने करार पाहून भरलेली. या याद्यांतले कोणीही सापडले नाही, तरच उरलेल्यांचा विचार होतो. त्यांतही ज्यांचा आवाज पुरेसा स्पष्ट आहे अशांतून कोणतेही एक उचलले जाते आणि त्यानंतर कमकुवत मनोऱ्यांची पाळी येते. म्हणजे मनोऱ्याचे बळ हा निकष अगदी शेवटी येतो.

एखाद्या जाळ्याने 'तुझ्या कंपनीचा आमच्याशी व्यवहार नाही' म्हणून नकार दिला, तर फोन त्याचे नाव सिमवरच्या नकाराच्या यादीत लिहून ठेवतो आणि आपण होऊन पुन्हा त्या दारी जात नाही. हुंडी परत करणाऱ्या पेढीचे नाव आपले वाडवडीलही असेच लक्षात ठेवीत. पुढे करार झाला, तरी जुने नाव कधीकधी यादीत राहून जाते. परदेशी उतरल्यावर सोबतच्या सर्वांचे फोन चालतात आणि आपलाच मुका राहतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ते जाळे स्वतःच्या हाताने निवडून पाहावे. एकदा ते मान्य झाले की नकाराच्या यादीतून त्याचे नाव पुसले जाते.

आता दूधगंगेच्या पुलाकडे वळू. आपल्या देशात दूरसंचाराचे परवाने मंडळवार दिले गेले. आज अशी २२ मंडळे आहेत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, मुंबई निराळे, कर्नाटक निराळे. कंपनीचे नाव एकच असले, तरी महाराष्ट्रातल्या सिमला कर्नाटकातले जाळे आकड्यांनी परकेच. अण्णांना कोणी पुण्याहून फोन केला की, तो आधी त्यांच्या घरच्या मंडळाकडे जाई. तिथल्या वहीत नोंद असे की हा ग्राहक सध्या कर्नाटकातल्या अमुक भागात आहे. मग तिथून पुढे तो फोन निपाणीला धाडला जाई. पुण्याच्या माणसाला अण्णा कुठे आहेत याची कल्पना नसे आणि तो महाराष्ट्रापुरतेच पैसे देई. घरापासून निपाणीपर्यंतच्या वाटेचे भाडे कोणी द्यायचे? ज्याने घर सोडले त्याने, असा निर्णय झाला होता. म्हणून आलेल्या फोनचे पैसे. तर्क बिनचूक होता, हे आज मला मान्य करावे लागते. पण एकाच कंपनीने स्वतःच्याच दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर किती जकात घ्यावी, हा प्रश्न निराळा.

याहून एक चमत्कारिक गोष्ट होती. परत येताना कागलात शिरल्यावरही अण्णांचा फोन कधीकधी बराच वेळ कर्नाटकच दाखवी. त्यांना वाटे, कंपनी मुद्दाम लबाडी करते. तसे नव्हते. फोन परक्या जाळ्यावर असताना घरचे जाळे दिसते का, हे तो सतत पाहत नाही; तसे केले तर बॅटरी लवकर संपेल. तो ठराविक अंतराने पाहतो. ते अंतर सिमवर लिहिलेले असते. ते सहा मिनिटांच्या पटीत मोजतात आणि काहीच लिहिले नसेल तर एक तास धरतात. नदीपलीकडचा मनोरा कागलात ऐकू येत असेल, तर पुढची पाळी येईपर्यंत फोन त्यालाच धरून बसणार. फोन सुरू करताना आधी शेवटचे जाळे आठवण्याची रीतही त्यात भर घाली. देशाच्या सीमेवर हे अधिकच जाणवते. तिथे परदेशातला मनोरा ऐकू येतो तोवर फोन बहुधा तिकडेच राहतो. सीमेलगतच्या गावी मुक्काम असेल, तर स्वयंचलित निवड बंद करून घरचे जाळे हाताने निवडलेले बरे.

यजमान जाळे अनोळखी पाहुण्यावर विश्वास कसा ठेवते, हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. समजा, आपण ॲन्टवर्पला हिऱ्यांच्या कामासाठी गेलो. तिथल्या कंपनीला आपण कोण हे ठाऊक नाही. ती सिमचे आकडे वाचून आपल्या भारतातल्या कंपनीला विचारते की हा तुमचा माणूस आहे काय. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोड फक्त घरच्या कंपनीजवळ असते. घरची कंपनी ती किल्ली कोणालाच देत नाही. ती एक कोडे आणि त्याचे अपेक्षित उत्तर धाडते. यजमान कंपनी ते कोडे सिमला घालते. सिम आपल्या किल्लीने उत्तर काढते आणि दोन्ही उत्तरे जुळली की दार उघडते. हे सर्व काही सेकंदांत उरकते. हुंडी दाखवणारा माणूस खरा की खोटा, याची खात्री करण्यासाठी लिहिणाऱ्या पेढीकडून स्वतंत्र पत्र येत असे. त्या पत्राचेच हे रूप. हुंडी सकारली की पैसे मिळत आणि दोन पेढ्या आपापसांत नंतर हिशेब मिटवीत. इथेही आपण ॲन्टवर्पच्या कंपनीला काहीच देत नाही. ती आपल्या बोलण्याची आणि डेटाची नोंद ठराविक नमुन्यात भारतातल्या कंपनीकडे पाठवते, दोघींचे देणे-घेणे मिळवले जाते, आणि आपल्या बिलात जी रक्कम येते तिच्यात हुंडणावळही असते. ही हुंडणावळ दोन कंपन्यांच्या करारावर ठरते; आपला त्यात हात नसतो.

हे सारे योगायोगाने घडलेले नाही. १९८० च्या दशकात युरोपात प्रत्येक देशाची मोबाईल व्यवस्था वेगवेगळी होती आणि सीमा ओलांडली की बहुतेक फोन निरुपयोगी होत. म्हणून ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे अनेक देशांच्या कंपन्यांनी एकच पद्धत स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. तीच पुढे जीएसएम म्हणून जगभर गेली. तिच्यावरचा पहिला फोन १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी केला. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटन येथील दोन कंपन्यांत पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. आपल्याकडे पहिला मोबाईल फोन झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात.

देशांतर्गत रोमिंगचा जाच मात्र आपल्याकडे पुढे वीस वर्षे टिकला. १ मे २०१५ पासून नियामक संस्थेने येणाऱ्या फोनची कमाल मर्यादा मिनिटाला ४५ पैसे केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरकारी कंपनी बीएसएनएलने येणारे फोन देशभर मोफत केले, आणि २०१६ नंतरच्या दरयुद्धात खासगी कंपन्यांनाही हा जुना उंबरा काढावा लागला. आजच्या मुलांना 'रोमिंग' म्हटले की फक्त परदेश आठवतो.

परदेशाबद्दल दोन-तीन गोष्टी आपल्या घरांतून नीट समजून घेतल्या जात नाहीत. डेटा बंद ठेवावा म्हणून पुष्कळ जण रोमिंगच बंद करून जातात आणि मग बँकेचा ओटीपी येत नाही म्हणून अडतात. ओटीपी हा संदेश आहे. त्यासाठी सिम कोणत्या तरी जाळ्यावर नोंदलेले हवे, डेटा नको. निघण्यापूर्वी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि फोनमधले डेटा रोमिंगचे बटण तेवढे बंद ठेवावे. आलेल्या संदेशाचे शुल्क बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तरी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट खरेदीसाठी चीनमध्ये जाणाऱ्यांसाठी. रोमिंगवर असताना आपला डेटा साधारणपणे घरच्या कंपनीमार्फतच फिरून येतो. म्हणूनच ग्वांगझौ किंवा यिवू येथे हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडत नाही आणि भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालते. याच फेऱ्यामुळे परदेशात शेजारी बसलेले दोन भारतीय सिमधारक एकमेकांना साधा फोन करतात, तेव्हा तो भारतात जाऊन परत येतो आणि दोघांनाही पैसे पडतात.

तिसरी गोष्ट समुद्राची. आमच्या एका आप्तांनी मोठ्या जहाजावरून सहल केली. किनारा दूर गेला, घरचे जाळे नाही, यादीतले कोणी नाही. तेव्हा फोनने जहाजावरच्याच मनोऱ्याचे दार ठोठावले. जहाजे आणि विमाने यांची जाळी कोणत्याही देशाची नसतात. त्यांचा आकडा ९०१. तिथून पुढची वाट उपग्रहाची, म्हणून दरही तसेच. आप्तांनी एकही फोन केला नव्हता. फोन मात्र रात्रभर छायाचित्रे मेघसंचयात चढवीत बसला होता. नेहमीचा परदेशी पॅक अशा जाळ्यांना बहुधा लागू नसतो, हे त्यांना बिल हाती आल्यावर समजले. जहाजावर पाऊल ठेवताच फोन विमानमोडवर टाकावा आणि हवे तर जहाजाचे वायफाय घ्यावे.

घरच्याच मंडळात दुसऱ्या कंपनीचा मनोरा आपल्याला का चालत नाही, असे लोक विचारतात. करार नाही, हेच उत्तर. तातडीच्या ११२ क्रमांकाला मात्र हा नियम लागू नाही. तो कोणत्याही जाळ्यावरून लागू शकतो. पुरात किंवा वादळात मनोरे बंद पडले की, सरकार कंपन्यांना एकमेकींचे ग्राहक तात्पुरते सामावून घेण्यास सांगते. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून दुर्गम भागात उभारलेल्या ४जी मनोऱ्यांवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल या तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना एकच मनोरा वापरण्याची सोय सुरू झाली आहे.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या महिन्यात त्यांना निपाणीला एका लग्नाला घेऊन गेलो. दूधगंगेच्या पुलावर त्यांनी सवयीने खिशातून फोन काढला आणि पडद्याकडे पाहिले. तिथे काहीच बदलले नव्हते. थोडा वेळ ते तसेच पाहत राहिले, मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "घरी लाव. पोचलो म्हणून सांग."

"अण्णा, अजून पोचलो नाही," मी म्हणालो.

"असू दे. लाव."