लोकसेवकाचे स्वसंरक्षण

दाखल्यासाठी तिसऱ्यांदा हेलपाटा घालणारा शेतकरी, थकबाकीपोटी वीजजोडणी तुटलेला ग्राहक, आप्ताच्या काळजीने व्याकूळ झालेले रुग्णाचे नातेवाईक, सुट्या पैशांवरून हुज्जत घालणारा प्रवासी, अशांशी काही कर्मचाऱ्यांचा रोजचा संबंध येतो. निर्णय वरच्या स्तरावर झालेला असतो, नियम अन्यत्र तयार झालेला असतो. मात्र त्याविषयीचा रोष खिडकीवरील लिपिकाला, परिचारिकेला किंवा वाहकाला झेलावा लागतो. प्रसंगी शिवीगाळ धक्काबुक्कीपर्यंत आणि धक्काबुक्की प्राणावर बेतण्यापर्यंत जाते. म्हणूनच स्वसंरक्षणाचे ज्ञान हा लोकसेवकाच्या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग ठरतो. मात्र स्वसंरक्षण म्हणजे केवळ कराटेचे डावपेच, ही समजूत अपुरी आहे. त्याचा मोठा भाग हात उगारला जाण्यापूर्वीच पार पडत असतो.

रोषाचे मूळ

काम न झाल्यापेक्षा ते केव्हा होणार हे न कळल्याने माणूस अधिक चिडतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी कळवावी लागतात. हा फलक दर्शनी जागी आणि वाचता येईल अशा अक्षरांत असणे, ही कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेची पहिली पायरी होय. “उद्या या” या उत्तराऐवजी निश्चित तारीख आणि अपिलाचा मार्ग सांगितल्यास अनेक वाद तेथेच मिटतात.

खोलीची मांडणी

कर्मचाऱ्याची खुर्ची अशी असावी की दाराकडे जाण्याची त्याची वाट अडणार नाही. अभ्यागत आणि कर्मचारी यांच्यामध्ये रुंद मेज असावे. पेपरवेट, कात्री, कागद ओवण्याचे दाभण या वस्तू मेजावर न ठेवता खणात ठेवाव्यात. कार्यालयात एकट्याने उशिरापर्यंत थांबण्याची वेळ आल्यास सहकाऱ्यास त्याची कल्पना द्यावी. मदतीसाठी हाक मारण्याचा एखादा ठरावीक शब्द सर्वांना ठाऊक असावा.

शब्द आणि अंतर

आवाज चढणे, मुठी आवळल्या जाणे, तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणे, अंगावर येऊ लागणे ही धोक्याची पूर्वचिन्हे आहेत. अशा वेळी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे आणि स्वतःचा आवाज खालच्या पट्टीत ठेवावा. बोट रोखून बोलू नये. चारचौघांत उपहास तर कदापि करू नये, कारण अपमानित माणसाला माघार घेणे कठीण जाते. हात पोहोचणार नाही इतके अंतर राखावे, किंचित तिरके उभे राहावे आणि तळवे उघडे, छातीच्या पातळीवर ठेवावेत. ही मुद्रा शांततेची दिसते आणि प्रसंगी चेहऱ्याचे रक्षणही करते.

हात उगारला गेल्यास

पहिला पर्याय दूर होण्याचा आणि मोठ्याने मदत मागण्याचा. मनगट धरले गेल्यास सरळ मागे ओढण्यापेक्षा, पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात त्या बाजूस मनगट वळवून झटक्याने सोडवावे. पकड तेथेच सर्वांत कमकुवत असते. सुटका होताच तेथून निघावे, झुंज चालू ठेवू नये. अशा कृती वाचून नव्हे, तर जाणकाराच्या देखरेखीखाली सराव करूनच अंगवळणी पडतात.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो आणि भीती असेतोवरच टिकतो. बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर कायद्यास मान्य आहे. पळून जाणाऱ्या हल्लेखोराला गाठून चोप देणे हे संरक्षण नव्हे.

फिरतीवरील कर्मचारी

अवैध वाळू वाहतूक रोखणे, अतिक्रमण हटविणे, थकबाकी वसूल करणे अशा कामांसाठी एकट्याने जाऊ नये. ठिकाण आणि परतण्याची वेळ कार्यालयात नोंदवावी. धावत्या वाहनासमोर उभे न राहता त्याचा क्रमांक टिपून घ्यावा. वाहन पुन्हा पकडता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही. आणीबाणीच्या वेळी ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते.

महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमाने नियोक्त्यावर विशेष जबाबदारी टाकली आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरील व्यक्तींपासूनही त्यांना सुरक्षित वातावरण देणे हे त्याचे कर्तव्य आहे. कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाचे ठिकाणच मानली जाते.

घटनेनंतर

प्रथम वैद्यकीय तपासणी, मग त्याच दिवशी लेखी टिपण आणि साक्षीदारांची नावे, असा क्रम ठेवावा. लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला हल्ला संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याच हेतूने दुखापत केल्यास कलम १२१ नुसार शिक्षा याहून कठोर होते. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींसाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र अधिनियमही आहे. मात्र या कलमांचा धाक नागरिकाला गप्प बसविण्यासाठी दाखविणे सर्वथा अनुचित होय. चढ्या आवाजात तक्रार करणे किंवा विलंबाचे कारण विचारणे म्हणजे हल्ला नव्हे.

मारहाण निमूटपणे सोसणे हा सेवेचा भाग नाही, तसेच प्रत्येक अभ्यागताकडे संशयाने पाहणे हीदेखील सुरक्षितता नाही. कार्यालयप्रमुखाने मांडणी, मनुष्यबळ आणि प्रशिक्षण यांची तजवीज करावी, सरपंच व पंचायत सदस्यांनी तणावाच्या वेळी मध्यस्थी करावी आणि कर्मचाऱ्याने संयमाबरोबरच सावधपणा बाळगावा. असे झाले, तर खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोघेही संध्याकाळी सुखरूप घरी परततील.