गावची आग, गावचं दल

उंद्रीत, म्हणजे कागदोपत्री उदयनगरात, आगीबद्दल बोलायचं तर सुरुवात सुडीपासूनच करावी लागते. सोयाबीन सोंगलं, शेतात सुडी लावली, वर ताडपत्री टाकली आणि आता थ्रेशर कधी मिळतं याची वाट बघायची. त्या आठ-पंधरा दिवसांत अख्खा खरीप एका ढिगात असतो. बियाणं, खत, फवारणी, सोंगणीची मजुरी, उधारीसुद्धा. तो ढीग पेटला तर त्या घरात वर्ष कसं जातं, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही.

आता साधं गणित करू. अग्निशमनाची गाडी असते नगरपरिषदेकडे, म्हणजे इकडे चिखली, तिकडे खामगाव. समजा गाडीला तीस किलोमीटर यायचंय आणि वेग ताशी ४० धरला. पाऊण तास झाला. त्यात फोन लागणं, गाडी निघणं आणि शेवटचा शेतरस्ता धरलेलाच नाही. वाळलेली सुडी पाऊण तास थांबत नाही. यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही, अंतरच तेवढं आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्त्या बघा. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा स्वतंत्र विषय आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात तो नाही. जणू खेड्यात आग लागतच नाही!

मग गाडी येईपर्यंतची वेळ कोण सांभाळणार? गावच. लोक धावतातच, बादल्या घेऊन, हाळ्या देत. पण धावणं वेगळं आणि दल असणं वेगळं. हा फरक समजून घ्यायला जरा लांब जाऊ.

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. बेंजामिन फ्रँकलिन हा तिथला छापखानावाला. १७३५ साली त्यानं आपल्याच वर्तमानपत्रात एका वृद्ध नागरिकाचा आव आणून पत्र छापलं. त्यात एक तक्रार अशी, की लोक जळते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत जातात. मला लगेच आपली जुनी पद्धत आठवली, शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणायची. माणसं सगळीकडे सारखीच. पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १७३६ ला, त्यानं ‘युनियन फायर कंपनी’ काढली. तीसेक सभासद, पगार कुणालाच नाही. प्रत्येकानं स्वतःच्या घरी कातडी बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या तयार ठेवायच्या. पिशव्या कशाला? पेटलेल्या घरातलं सामान बाहेर काढायला. आणि काहींनी नुसतं दारावर उभं राहायचं, गर्दीत चोरी होऊ नये म्हणून. आगीच्या वेळी काय काय होतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती महिन्याची बैठक. दर महिन्याला सगळ्यांनी जमायचं, आगीबद्दल बोलायचं, आणि जो येणार नाही त्यानं दंड भरायचा. दंड छोटाच, पण त्या पैशातून पुढं शिड्या, आकडे आणि पाण्याचे बंबसुद्धा घेतले गेले. म्हणजे दांडी मारणाऱ्यांनी बंब घेऊन दिले! (हशा) लोक वाढले तेव्हा त्यांनी सगळ्यांना आत घेतलं नाही, ‘तुम्ही तुमचं वेगळं दल काढा’ असं सांगितलं. मोठी यादी करण्यापेक्षा एकमेकांना ओळखणारी तीस माणसं बरी.

ही बैठक एवढी महत्त्वाची का? आग लागल्यावर आठवडाभर उत्साह असतो, दल स्थापन होतं, फोटो निघतात. मग वर्षभर आगच लागत नाही. त्या वर्षात दल विरून जातं. पाइप कुणाच्या तरी ठिबकला लागतो, बादल्या बांधकामावर जातात. समित्या आपल्याकडे कमी नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

पगाराशिवाय दल टिकतं का, असं विचाराल तर चिली देश बघा. वालपाराइसो या बंदरात १८५० च्या डिसेंबरात मोठी आग लागली आणि ३० जून १८५१ ला तिथं स्वयंसेवकांचं दल उभं राहिलं. आजही त्या देशात आग विझवणारे स्वयंसेवकच असतात.

आता आपल्या शिवारात येऊ. साधनं गावात आहेतच. ट्रॅक्टरमागचा टँकर चार-पाच हजार लिटरचा. फवारणीचा ब्लोअर. पाठीवरचा पंप पंधरा-वीस लिटरचा, तो मोठ्या आगीला काही कामाचा नाही, पण धुऱ्यावरून सरकणारी गवताची आग त्यानं आवरते. प्रश्न असतो टँकर भरलेला आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे याचा. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. आग लागल्यावर मोटर सुरू करून टँकर भरू म्हटलं तर वीज असेलच असं नाही. सुडीच्या दिवसांत एक टँकर भरून उभा राहिला पाहिजे.

पेटलेल्या सुडीवर नुसतं वरून पाणी ओतलं तर ते घरंगळतं, आत धुमसत राहतं. म्हणून आधी शेजारची सुडी, गोठा, कुटार भिजवायचं. मग वाऱ्याच्या पाठीकडून दाताळ्यानं ढीग फोडत, थर उलगडत पाणी मारायचं. आणि सुडी लावतानाच भोवती वखराची पट्टी मारून माती उघडी ठेवायची. ज्ञानगंगा अभयारण्यासारख्या जंगलात वनखातं जाळरेषा काढतं, त्यामागचा विचार हाच. जळायला काही नसलं की आग पुढं जात नाही.

काय करायचं नाही, हेही शिकावं लागतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक गेले. ते तर शिकलेले, पगारी जवान होते. म्हणून डीपी पेटली तर आधी लाइनमनला फोन, लाइन बंद झाल्याची खात्री, मगच पाणी. धुरानं भरलेल्या घरात एकट्यानं शिरायचं नाही. आणि १०१ किंवा ११२ ला फोन पहिल्या मिनिटालाच करायचा, ‘आपणच विझवू’ म्हणून थांबायचं नाही. गाडी येतेय तोवर गावानं आग रोखायची, एवढंच आपलं काम. एक माणूस फाट्यावर उभा करा, गाडीला शेतरस्ता दाखवायला.

बायकांना दलात घ्यायचं का, असा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला. अहो, दुपारी दोन वाजता गावात असतं कोण? पुरुष शेतात किंवा खामगावच्या बाजारात. घरची आग पहिली बघते ती बाईच, तेव्हा टँकरची एक किल्ली तिच्या हाताशी हवी. पहिली बैठक मात्र सोंगणीच्या आधी घ्या. एकदा सोंगणी लागली की कुणी यायचं नाही, आणि दंडही कुणी भरणार नाही.