ताट द्यावं, पण पाट देऊ नये



आजचा विषय आमच्याच एका गटाच्या बैठकीत निघाला. जानेवारी महिना होता. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि कर्जाची मागणी सुरू झाली. तेव्हा कधी फारशा न बोलणाऱ्या एक काकू उठल्या. वय ५७, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, गटात चौदा वर्षं, हप्ता एकदाही चुकलेला नाही. त्या म्हणाल्या, "मला चाळीस हजार पाहिजेत. मिरची कांडपाचा डंक घ्यायचा आहे."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "काकू, आता या वयात कशाला हा उपद्व्याप? नातवंडं खेळवायची सोडून?" दुसरी म्हणाली, "उद्या काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाकडं मागायचे?" आणि खरं सांगायचं तर आम्ही सहयोगिनी म्हणून तिथं बसलो होतो, आमच्याही मनात तेच आलं. आम्ही म्हणालो, "पुढच्या बैठकीत बघू."

काकू खाली बसता बसता एवढंच बोलल्या, "मागच्या महिन्यात मोटारसायकलला पन्नास हजार दिले, तेव्हा पुढच्या बैठकीत बघू असं कुणी म्हणालं नव्हतं."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. मोटारसायकलमधून एक रुपया उत्पन्न येणार नव्हता, तरी आम्ही प्रश्न विचारला नाही. कांडपाच्या डंकातून रोज पैसा येणार होता, तरी आम्ही थांबवलं. का? तर मागणाऱ्या बाईचे केस पांढरे होते म्हणून.

धाडस कशाला म्हणायचं?

आपल्याकडं पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं काही नवं काढलं की लगेच "साठी बुद्धी नाठी" म्हणतात. पण आपल्याच राज्यात काय काय घडलंय बघा. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाणं जपायचं काम त्यांनी घरच्या परसातून सुरू केलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बारामतीच्या शर्यतीत लुगडं नेसून धावलेल्या लता करे तर तुम्हाला आठवतच असतील. नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते म्हणून ती साठीतली माउली धावली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण म्हातारपणी असं धावायची वेळ बाईवर का येते, हेही आपण विचारलं पाहिजे.

कारण पन्नाशीनंतरच्या निर्णयात एक गोष्ट वेगळी असते. पंचविशीत पैसा बुडाला तर परत कमवायला तीस वर्षं असतात. पंचावन्नाव्या वर्षी तेवढी नसतात. म्हणून निर्णय घेऊच नये असं नाही, पण एक प्रश्न आधी विचारावा: हे फसलं तर मला मागं फिरता येईल का?

या एका प्रश्नानं निर्णयांचे दोन ढीग होतात. डंक घेणं, शिवणयंत्र टाकणं, दहावीला बसणं, गाडी शिकणं हे मागं फिरता येणारे निर्णय. डंक चालला नाही तर विकता येतो. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, वयाची वरची मर्यादा नाही. नापास झालं तर पुन्हा बसता येतं. दुसऱ्या ढिगात काय येतं? बक्षीसपत्रावर सही करणं, हक्कसोड देणं, मुलाच्या कर्जाला जामीन राहणं. इथं एकदा अंगठा उठला की मागं फिरणं फार अवघड.

गंमत अशी की पहिल्या ढिगातल्या निर्णयाला अख्खं गाव "धाडस" म्हणतं आणि बाईला अडवतं. दुसऱ्या ढिगातल्या सहीला कुणी धाडस म्हणतच नाही. "आईचं कर्तव्य" म्हणतात. खरा धोका मात्र तिथंच असतो.

आमची चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. पाच वर्षांपूर्वी गटातल्या ६२ वर्षांच्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "ताई, घर आणि तीस गुंठे पोराच्या नावावर करते, तालुक्याला साक्षीला चला." आम्ही गेलो. कागद वकिलानं केला होता, आम्ही वाचला नाही. सही केली. बाहेर आल्यावर मुलानं सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. मावशी खूश होत्या. "आता मी मोकळी झाले," म्हणाल्या.

दोन वर्षांनी मावशी खरंच मोकळ्या झाल्या. आधी वेगळी चूल, मग गोठ्याशेजारची खोली, मग लेकीचं घर. लेकीच्या दारात बसून त्या आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या होता की गं सोबत." यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. प्रांत कार्यालयात अर्ज केलाय, तारखा चालू आहेत.

म्हणून आता जे सांगतो ते नीट ऐका. जमलं तर शेजारणीलाही ऐकवा.

कागद समजून घ्या

बक्षीसपत्र म्हणजे जिवंतपणीच मालकी देऊन टाकणं. नोंदणी झाली की त्या दिवसापासून घर किंवा जमीन घेणाऱ्याची. "माझं मन बदललं" म्हणून ते रद्द होत नाही.

हक्कसोडपत्र म्हणजे वारस म्हणून मिळालेला आपला वाटा दुसऱ्या वारसांसाठी सोडून देणं. नोंदणी झाली की तो वाटा गेला.

मृत्युपत्राचं मात्र वेगळं आहे. आपण असेपर्यंत सगळं आपल्याच नावावर राहतं, आपल्या मागं ते कुणाला जावं एवढंच त्यात लिहायचं. ते कितीही वेळा बदलता येतं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनी आपल्यासमोर सही करायची. ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नका. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला तर "म्हातारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं" असं मागाहून कुणाला म्हणणं अवघड जातं.

मुलांना द्यायचंच आहे ना? मग मृत्युपत्रानं द्या. मुलांचं काही जात नाही आणि तुमचा पाट तुमच्याखाली राहतो. जुन्या बायकांनी सांगून ठेवलंय, ताट द्यावं, पण पाट देऊ नये.

तरीही कुणाला बक्षीसपत्रच करायचं असेल, तर त्यात एक ओळ घालून घ्याच: "घेणाऱ्यानं देणारीचं अन्नवस्त्र, औषधपाणी आणि राहण्याची सोय तहहयात करावी, या अटीवर." ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. साठ वर्षांपुढच्या व्यक्तीनं अशा अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. ही अट कागदावर नसेल तर भांडण फार अवघड होतं. आमच्या मावशींच्या कागदात ती ओळ नव्हती. याच कायद्यानं मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगीही मागता येते. त्यासाठी मिळकत दिलेली असली पाहिजे असं नाही.

आता वारसाचं. हिंदू वारसा कायद्यानं, नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालकीच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात नसले तरी हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतर धर्मांच्या बहिणींसाठी नियम वेगळे आहेत, त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारावं. महिलांना तिथं मोफत सल्ला मिळतो.

तलाठ्याकडं वारसनोंद झाली की सातबाऱ्यावर तुमचं नाव लागतं. "नुसती एक सही द्या" म्हणून कुणी कागद पुढं केला तर आधी विचारा, ही वारसनोंद आहे की हक्कसोड? दोन्हीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि ज्यांचे मालक हयात आहेत त्यांनी लक्ष्मी मुक्तीची चौकशी करावी. १९९२ च्या शासन परिपत्रकानुसार नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

जामिनाचंही ऐकून ठेवा. जामीनदाराची सही म्हणजे नुसती ओळख नाही. कर्ज घेणाऱ्यानं फेडलं नाही तर बँक सगळी रक्कम जामीनदाराकडून वसूल करू शकते.

डंकाचा हिशोब

आता काकूंकडं येऊ. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर आधी माफी मागितली आणि मग हिशोब मांडला.

डंकाची किंमत ६०,००० रुपये. त्यातले २०,००० काकूंनी दोन शेळ्या विकून उभे केले. जमीन गहाण नाही, डोरल्याला हात नाही. ४०,००० गटाचे, शेकडा एक रुपया व्याजानं. फेब्रुवारी ते मे हा मिरचीचा हंगाम. गावात कांडपाचा दर किलोला ५० रुपये. रोज आठ किलो धरले तर ४०० रुपये, वीज वजा जाता ३४०. महिन्याचे पंचवीस दिवस धरून ८,५०० रुपये. बाकीचे आठ महिने काम थोडं, महिन्याला २,१०० धरले.

मग काकू स्वतःच म्हणाल्या, "हे सगळं निम्मं धरा." निम्म्यानं वर्षाचे २५,४०० होतात. आम्ही हप्ताही तसाच बांधला: हंगामाच्या चार महिन्यांत ४,००० आणि एरवी ५०० रुपये मुद्दल. वर्षाला २०,००० फिटतात, दोन वर्षांत कर्ज संपतं. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण ३,१४० रुपये. म्हणजे धंदा निम्मा झाला तरी हप्ता निघतो आणि वर चार पैसे उरतात. हप्ता दर महिन्याला सारखा बांधला असता तर पावसाळ्यात काकू थकबाकीदार झाल्या असत्या आणि आपणच म्हणालो असतो, "बघा, वय झालं होतं."

राहिला "बरंवाईट झालं तर" हा प्रश्न. तो रास्त आहे, पण सगळ्या वयांना लागू आहे. बँकेतून वर्षाला २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा विमा वयाच्या सत्तरीपर्यंत मिळतो. तो काकूंनी काढला. ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा मात्र पन्नाशीच्या आतच सुरू करता येतो, मग पंचावन्नपर्यंत चालतो. काकूंची वेळ गेली होती. तुमच्यात कुणी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासची असेल तर याच आठवड्यात बँकेत जा.

पुढच्या बैठकीसाठी

गटात पन्नाशीपुढच्या कुणी काही मागितलं, किंवा तुम्हीच काही ठरवत असाल, तर हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. फसलं तर मागं फिरता येईल का?
२. फसलं तर राहतं घर आणि पोटापुरती जमीन शाबूत राहील का?
३. निम्मीच मिळकत झाली तरी हप्ता निघेल का?
४. हा निर्णय माझा आहे, की नाही म्हणायची लाज वाटते म्हणून मी हो म्हणतेय?

चौथा प्रश्न एकटीनं, शांत बसून विचारा. पहिल्या तिन्हींची उत्तरं बरी आली तर वय बघू नका.

काकूंच्या डंकाचा आता दुसरा हंगाम चालू आहे. पहिल्या हंगामात आठ किलोचा अंदाज काही गाठला नाही, रोज पाच-सहा किलोच झाले. पण हप्ता एकदाही चुकला नाही. मधल्या काळात मुलांनी हक्कसोडीचा कागद आणला होता. काकू म्हणाल्या, "माझ्या मागं तुमचंच आहे, तसं लिहून ठेवते." थोरला महिनाभर बोलला नाही. आता मिरचीची पोती तोच उतरवून देतो.

काकूंनी मृत्युपत्र केलं तेव्हा साक्षीला आम्हीच गेलो. या वेळी सही करण्याआधी आम्ही काकूंना मोठ्यानं विचारलं, "कागद पूर्ण वाचून घेतलात ना?" त्या म्हणाल्या, "दोनदा." मग आम्ही सही केली.